साहेबांचा कॅन रांगेत

"मॅडम, तुमची पोरं किती?" गटशिक्षणाधिकारी साहेबांनी विचारलं.

"सात शाळांत मिळून एकतीस."

"म्हणजे एका शाळेत चार-पाचच! मग मोकळ्याच आहात की." आणि टँकर ड्यूटीची ऑर्डर माझ्या हातात दिली.

मी विशेष शिक्षिका. ज्या पोरांना समजायला, बोलायला वेळ लागतो त्यांना शिकवते. साहेबांच्या लेखी हे नुसतं सांभाळणं. बीड जिल्ह्यात तेव्हा दुष्काळ होता, टँकरचं पाणी रांगेनं वाटायला माणूस हवा होता. मी आधीच पार थकले होते. घरी कुणी "चहा घेतेस का?" म्हटलं तरी रडू यायचं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता.

तो द्यायचं अडलं होतं ते सुरेखापायी. दहा वर्षांची, समज उशिराची. आईबाप दिवाळीनंतर सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला जाणार. ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असतं. पण मुख्याध्यापक म्हणाले, "रांगेत नीट राहिली तरच घेऊ. नाहीतर जाऊ द्या उसाच्या फडावर." फडावर गेली की शिकलेलं सगळं पुसलं जाणार.

मग मी सुरेखाची शाळाच टँकरवर भरवली.

"बाई, हितं काय शिकणार ही? ढकलाढकली?" तिची आई म्हणाली.

रोज एकच धडा. घागर ठेवायची, पुढची सरकली की आपली सरकवायची. पहिले आठ दिवस ती थेट नळीखाली घुसायची. बाया ओरडायच्या, मी तिला मागं आणायचे. तिसऱ्या आठवड्यात ती दुसऱ्यांच्याही घागरी रांगेत लावू लागली.

एक दिवस साहेब तपासणीला आले. जीप तापलेली, तिला पाणी हवं होतं. त्यांनी स्वतःच कॅन घेऊन नळीखाली धरला. सुरेखानं तो काढून घेतला, रांगेच्या शेवटी ठेवला आणि म्हणाली, "नंबर लाव."

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"सायेब, लई कडक हाय ती," एक म्हातारी म्हणाली. "कुणाचं ऐकत न्हाई."

साहेब कॅनपाशी उभे राहिले. पुढं बावीस घागरी होत्या. सुरेखा बघायची, साहेब कॅन सरकवायचे.

"हिला कुणी शिकवलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मीच. मोकळीच होते ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना फोन करून सुरेखाला वसतिगृहात घ्यायला लावलं. माझी टँकर ड्यूटीही रद्द केली.

ऊसतोडीचा ट्रक निघाला तेव्हा सुरेखा ताट घेऊन जेवणाच्या रांगेत होती. आईला हात केला, पण जागा सोडली नाही. मला मात्र रडू आवरलं नाही.

राजीनामा फाडला. माझं काम काय असतं, हे साहेबांना समजावायला मी कितीतरी अहवाल लिहिले होते. त्यापेक्षा त्यांना आधीच रांगेत उभं करायला हवं होतं.