खिळेमावशीची कॅसेट

आमच्या कारखान्यात जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क फोडून आतले लोहचुंबक काढतात. तुकडा छोटासा, पण दोन तुकड्यांत बोट सापडलं तर डोळ्यांत पाणी आणतो. भट्टीत तापवला की त्याची ओढ जाते. मग भुकटी करून त्यातले दुर्मिळ धातू पुन्हा वापरायला पाठवतात.

काम सुटलं की मावशी दारात दोऱ्याला बांधलेला खिळा घेऊन उभी राहायची आणि प्रत्येकाच्या खिशांवरून फिरवायची. खिळा ओढला गेला की चिकटून आलेला तुकडा सापडायचा. म्हणून ती खिळेमावशी. "मावशी, माझं काळीज तपासा की," कोणी म्हटलं तर म्हणायची, "असतं तर खिळा हलला असता."

तिचा नवरा हेच धातू काढणाऱ्या खाणीत होता. धुळीने त्याची छाती खाल्ली. जुन्यातून धातू निघाले तर तेवढी खाण कमी खणावी लागेल, एवढ्यासाठी ती इथे आली. आम्ही पोटासाठी आलो, खोटं कशाला बोलू?

त्याचा आवाज एका कॅसेटवर उरला होता. बहिणीला पाठवायला बोललेली खुशाली, शेवटी खोकला. मावशी रोज संध्याकाळी ती लावायची.

सगळ्यांना तपासणाऱ्या मावशीने स्वतःच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा मात्र कधी तपासला नाही. दिव्याखाली अंधार. त्याच्या लोखंडी कडीला एक तुकडा चिकटून घरी गेला. त्याच दिवसांत मावशी तापाने पडली होती. औषधासाठी खण उघडता-मिटता खणात टाकलेला जुडगा शेजारच्या कॅसेटवर घासत राहिला. बरी होऊन तिने कॅसेट लावली, तर नुसती खरखर; चुंबकाने आवाज पुसून टाकला होता.

कामावर आली तेव्हा तिने तो तुकडा स्वतः भट्टीच्या ट्रेमध्ये ठेवला आणि खिळा माझ्या हातात दिला. मला तिचा रागच आला. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. कॅसेट चालूच होती, मावशी एकटीच समोर बसली होती. त्या खोलीत ती खरखर ऐकून मला भीती वाटली.

"ऐकू येतंय ना?" मावशीने विचारलं.

तिचं मन मोडवेना. "हो मावशी. आत्ताच ते खोकले."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"इतक्यात कसे खोकतील? खोकला शेवटी आहे," ती म्हणाली आणि माझ्यासाठी खुर्ची सरकवली. "बस, अजून वेळ आहे."