आधणरावांची नळी

आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुतात. तिथे बॉयलरवर एकोणतीस वर्षं बसलेल्या गृहस्थांचं खरं नाव हजेरीपुस्तकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना आधणराव म्हणत. रागावली की बायकोसुद्धा.

आधणरावांची गरम पाण्यावर जितकी श्रद्धा होती तितकी कुणाची सख्ख्या आईवर नसेल. उठल्याबरोबर एक पेला, जेवणावर एक, झोपताना एक, आणि मधल्या वेळी थर्मास. तेही कढत, फुंकर न घालता. फुंकर घालणं हा त्यांना पाण्याचा अपमान वाटे. कोमट पाण्याचा तर मनस्वी तिटकारा. म्हणायचे, "कोमट म्हणजे काय? ज्या पाण्याला स्वतःचं मत नाही ते!"

अकरा वाजता थर्मास काखेत मारून त्यांची फेरी निघे. पोट साफ होत नाही? गरम पाणी. कंबर धरली? गरम पाणी. सासू छळते? "तिलाही पाज." बरं, गुण यायचाही. माझं चोंदलेलं नाक त्यांच्या पेल्याची वाफ घेतली की तेवढ्यापुरतं मोकळं व्हायचं. गाडीवाल्याचं रुसलेलं पोट सकाळच्या दोन पेल्यांनी ताळ्यावर आलं. चार जणांना बरं वाटलं की माणूस स्वतःला धन्वंतरी समजू लागतो. आधणराव तर आधीपासूनच समजत होते.

आणि मग त्यांचा घास अडकू लागला.

आधी पाव अडकला, पुढे उकडलेला बटाटा. वर पेलाभर कढत पाणी ओतलं की घास खाली सरके आणि आधणराव लढाई जिंकल्यासारखे आमच्याकडे बघत. बायकोने डॉक्टरचं नाव काढलं तर तिलाच झापलं. "अगं, एकोणतीस वर्षं नळ्या साफ करतोय मी. खार धरलाय, दुसरं काही नाही. कढत पाणी मारत राहायचं, सुटतो आपोआप."

बॉयलरच्या नळ्यांत पाण्याचा खार बसतो. पांढरी खपली धरते आणि नळी आतून अरुंद होत जाते. दर तीन महिन्यांनी आधणराव बॉयलर निववून ती स्वतः खरवडत. त्यामुळे जगातल्या यच्चयावत नळ्यांना त्यांच्या लेखी एकच रोग होता. आठ महिने ते स्वतःला कढत पाणी मारत राहिले. पट्ट्याला तीन नवी भोकं पडली. आम्ही म्हणालो, "आधणराव, वाळलात." ते म्हणाले, "गरम पाण्याने चरबी झडते." आणि आम्ही अकलेचे कांदे, पोट आत घेऊन त्यांच्याकडे आणखी एकेक पेला मागितला!

एका दुपारी डब्यातला कुस्करलेला भात अडकला. त्यांनी पाणी ओतलं. पाणी खाली गेलं नाही, उलट सदऱ्यावर आलं. तेव्हा इस्त्रीवाल्या ताई बोलल्या. ताई वीस वर्षं वाफेच्या इस्त्रीशी भांडून फटकळ झालेल्या.

"आधणराव, एक विचारू? आपल्याकडे गार पाण्याच्या नळ्या खरवडलेल्या मी कधी बघितल्या नाहीत."

"त्यांना कशाला खार धरेल? खार धरतो तो गरम पाण्याच्याच..."

वाक्य तिथेच राहिलं. थर्मासाचं झाकण त्यांनी तीनदा लावलं, तीनदा काढलं. दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर ते दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. अन्ननलिकेत गाठ होती आणि ती काढण्यापलीकडे गेली होती.

"खार नाही ना?" आधणरावांनी विचारलं.

"खार असता तर बरं झालं असतं, काका."

"पाण्याने झालं?"

डॉक्टर पोरसवदा, पण सरळ होता. "फार कढत पिणं घशाला वाईटच. तुमचं त्यानेच झालं, असं मात्र मी सांगू शकत नाही. पण पहिला घास अडकला तेव्हा आला असतात तर काही करता आलं असतं. पाण्यावर आठ महिने काढलेत, ते गेले."

आता त्यांच्या पोटात बाहेरून एक रबरी नळी बसवली आहे. पातळ अन्न आणि पाणी तिच्यातून जातं. दवाखान्याच्या कागदावर शाईने ठळक लिहिलंय, कोमट. मी घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनी पाणी कोपराने तपासून नळीत सोडत होत्या. आधणराव पाहत होते. पाणी खाली उतरू लागलं तसा त्यांनी सवयीने आवंढा गिळला. तो अडकला. डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, जरा गरम हवं होतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कळतं का तुम्हाला तरी? तोंडातून जातंय थोडंच!" वहिनी करवादल्या, पण हात हलू दिला नाही.

"नाही कळत," आधणराव म्हणाले. "म्हणून तर म्हणतोय."

वहिनींनी नळीला चिमटा लावला आणि जेवणाचं ताट माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, भूक नाही. आधणरावांनी उशाशी अजूनही भरून ठेवलेल्या थर्मासाकडे बोट केलं. मी पेला भरून घेतला, फुंकर न घालता प्यायलो. जीभ भाजली. ते एकटक माझ्या घशाकडे बघत होते.