निन्फाच्या नावाचा ग्रह

माझा नवरा चिरीनो शाळेत गणित शिकवायचा. सिसिलीतल्या आमच्या आचिरेआले गावात कुणालाही विचारा, चिरीनो मास्तर म्हणजे गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऐकून मला हसू येतं. त्या गरीब गाईनं एका माणसापायी माझं घर कसं धुमसत ठेवलं होतं ते मी बघितलंय. संसार मी केलाय त्याच्याशी, गावानं नाही.

तो माणूस म्हणजे प्लाचिदो. दोघं लहानपणी एका बाकावर बसलेले. आमच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिताही तोच, म्हणजे भावापेक्षा जवळचं नातं. त्याच्या बापाच्या लिंबांच्या बागा होत्या, जहाजं भरभरून लिंबं परदेशी जायची. त्या पैशातून यानं घराच्या गच्चीवर घुमट बांधला आणि आत जर्मनीहून आणलेली दुर्बीण बसवली. घुमटाला एक उभी फट होती आणि अख्खा घुमट चाकांवर फिरायचा. ज्या बाजूचं आकाश बघायचं त्या बाजूला फट वळवायची. दिवेलागणीला चाकं कुरकुरली की शेजारीपाजारी माना वर करून बघायचे, आज स्वारीची नजर कुठं आहे म्हणून.

प्लाचिदोची नजर घारीची, पण हिशेबात अगदी ढ. म्हणून त्यानं बघितलेल्याचे आकडे आमच्या घरी यायचे. जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवायला जागा नसायची, सगळीकडे कागद. त्यात प्लाचिदोची चूक सापडली की चिरीनो घरातल्या सपाता घालून तसाच रस्त्यानं ओरडत त्याच्याकडे निघायचा. रविवारी एकदा त्यांच्याकडे जेवण, एकदा आमच्याकडे. बायका स्वयंपाकघरात आणि हे दोघं शनीच्या कड्यांवरून भांडताहेत, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

१८७४ च्या मार्चात प्लाचिदोला एक नवा बारका ग्रह सापडला. मंगळ आणि गुरूच्या मधे असले बारके ग्रह ढिगानं फिरतात, आणि त्या वेळी ते शोधायची सगळ्या युरोपात चढाओढ लागली होती. ज्याला सापडेल त्यानं नाव ठेवायचं, आणि ठेवायचं ते बाईचं, अशी रीत. आपल्याला कधी सापडला तर नाव दोघांनी मिळून ठरवू, हे या दोघांचं कितीतरी रविवारी बोलून झालं होतं. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात मांडे खात होते.

मग जर्मनीतल्या खगोलवाल्यांच्या पत्रकात छापून आलं. शोधणारा प्लाचिदो, ग्रहाचं नाव निन्फा. निन्फा म्हणजे त्याची बायको. जर्मनांना वाटलं असेल, कुठली तरी पुराणातली वनदेवी. आमच्या गल्लीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की ही कोपऱ्यावरच्या घरातली वांगी तळणारी निन्फा. चिरीनोचं नाव अख्ख्या पत्रकात कुठं म्हणून नव्हतं.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. चर्चच्या पायऱ्यांवर प्लाचिदोला गाठून विचारलं. तो हसत म्हणाला, "वहिनी, तुमच्या नावाचा ग्रह तर आधीपासूनच आहे वर. सगळ्यांत झगझगीत." शुक्राला आमच्याकडे व्हेनेरे म्हणतात, आणि माझं नाव व्हेनेरा. अशी माझी बोळवण केली त्यानं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात ती निन्फा नवी काळी ओढणी घेऊन आत चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेली, जणू कोंबडीनं अंडं घालावं तसा तो ग्रह तिनंच घातला होता.

चिरीनो मात्र त्या रविवारी त्यांच्याकडे जायची वेळ झाली तेव्हा म्हणाला, पोट बरं नाही. पुढच्या रविवारीही पोट बरं नव्हतं. मग मी विचारायचं सोडलं.

आता यातली गोम अशी. असला ग्रह थोडे आठवडे दिसतो आणि मग सूर्याच्या उजेडात बुडतो. परत बाहेर येतो तो पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. कुठं येईल ते गणितानंच कळतं. तेव्हा गाठ पडली नाही तर हजारो बारक्या चांदण्यांत तो हरवलाच म्हणायचा. पुढं कधी कुणा भलत्यालाच सापडला तर तो भलतंच नाव ठेवून मोकळा. आणि ते गणित प्लाचिदोला सात जन्मांत जमणार नव्हतं.

चिरीनोनं ते केलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी थंडीभर बसून केलं. मी म्हटलं, नेऊन देणार का? "मागू दे," तो म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं मागू दे."

उन्हाळा आला. चिरीनो रोज संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायला लागला. पहिल्या दिवशी चाकं कुरकुरली, घुमट वळला आणि फट उघडली ती दक्षिणेला, लिंबांच्या बागांकडे. चिरीनो ताडकन उठला.

"चुकला," तो म्हणाला. "समुद्राकडे हवी." आणि किती तरी महिन्यांनी हसला.

मीही हसले. निन्फाचा ग्रह जातोय म्हटल्यावर मला काय दुःख होणार होतं? त्या संध्याकाळी मी बदामाचं सरबत बर्फ घालून केलं आणि आम्ही दोघं ते चवीनं प्यायलो.

दुसऱ्या दिवशी फट पुन्हा बागांकडे. तिसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू चिरीनोचं हसू मावळलं. ताटातलं ताटात राहायला लागलं. कठडा घट्ट धरून तो पुटपुटायचा, "वळव की जरा, अरे वळव." मग माझ्याकडे बघायचा आणि कठडा सोडून खुर्चीत बसायचा. एकदा त्याला डिवचायला मी म्हटलं, बस तू मागण्याची वाट बघत, प्लाचिदो पादुआच्या विद्यापीठातल्या एखाद्या मास्तरकडून ते गणित करून घेईल. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर टपाल घेऊन जाणारा माणूस प्लाचिदोच्या दारात थांबला की हा वर्गातून डोकावून बघायचा, म्हणे.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एकदा जत्रेत जहाजाचा एक कप्तान मला आग्रह करकरून साखरेतले बदाम घेऊन देत होता. छान उंचापुरा होता मेला. आणि माझा नवरा शेजारी उभा राहून आतषबाजी किती उंच जाते त्याचा हिशेब करत होता. माझ्यासाठी हा माणूस आयुष्यात कधी जळला नाही. आणि इथं प्लाचिदोला दुसरा कुणी आकडे करून देईल या नुसत्या विचारानं त्याची झोप उडाली होती. मी इतके दिवस निन्फावर दात खात होते, आणि माझी खरी सवत मिशीवाली निघाली. मी स्वच्छ सांगितलं, एक तर जाऊन सांग, नाहीतर बाल्कनीचं दार लावून घे, मला तुझं तोंड बघवत नाही.

तो गेला नाही. ऑगस्टही सरत आला. मग एका संध्याकाळी आकाश लख्ख असूनही घुमट उघडलाच नाही. चिरीनो बराच वेळ वाट बघत उभा राहिला. शेवटी कोट चढवला आणि जिना उतरला. मी खांद्यावर शाल टाकून मागोमाग गेले. या दोघांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती.

प्लाचिदो टेबलाशी रिकामा बसला होता. निन्फा परातीत बदाम घेऊन फोडत होती. रामराम नाही की काही नाही, चिरीनोनं दारातूनच विचारलं, "फट का बंद आहे?"

"आता काय बघायचं? फिका पडला असेल तो. माझ्या दुर्बिणीत यायचा नाही."

"समुद्राकडे होता तो. सगळा उन्हाळा समुद्राकडे होता, आणि तू गाढवासारखा बागांकडे बघत बसलास."

"तो बागांकडे नाही, एवढं मलाही कळत होतं," प्लाचिदो म्हणाला.

प्लाचिदो मान खाली घालून बोलत राहिला.

"तू बाल्कनीत बसलेला इथून दिसतोस. म्हटलं, मुद्दाम चुकीच्या बाजूला उघडावं. तुला काही ते सोसायचं नाही, सपाता घालून ओरडत येशील. रोज वाट बघितली."

"मागायचं होतंस."

"कुठल्या तोंडानं? तुझं नाव मीच गाळलं होतं."

"का गाळलंस?"

"छापलं असतं तर पालेर्मोच्या वेधशाळेवाल्यांनी तुला उचलून नेलं असतं. मग मी इथं एकटा काय करणार होतो?"

चिरीनो खुर्चीत बसला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मग चिरीनोनं घसा खाकरून आकडे सांगितले, तोंडपाठ होते त्याला. प्लाचिदो म्हणाला, बघू तरी एकदा. दोघं जिन्यानं वर गेले. चाकं कुरकुरली. घुमट समुद्राकडे वळत होता, आणि आत दोघांचं भांडण आधीच सुरू झालं होतं. ग्रह त्यांना दिसला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही.

खाली मी आणि निन्फा उरलो. मी तिला चार शब्द ऐकवायच्या तयारीनंच आले होते. बघ, गेला ना तुझा ग्रह, असं काहीसं. ती बदामावर दगड मारत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "रोज वर जायचा तो. मला वाटायचं, माझ्यासाठी शोधतोय."

मी परात माझ्याकडे थोडी ओढली आणि तिच्याबरोबर बदाम फोडायला बसले. वर दोघं मोठ्यानं हसत होते, आणि बराच वेळ कुणी खाली आलं नाही.