फर्म्यात न मावलेली बाई

माझा मित्र वामन गेल्याचं मला वाशीमच्या बाजारात कळलं. अनसिंगचा एक ओळखीचा माणूस वांगी निवडता निवडता म्हणाला, "मास्तर, तुमचे वामनराव गेले ना परवा." आणि लगेच त्याने वांग्यांचा भाव विचारला... महिना झाला, तरी ते मनातून जात नाही. लेखक मेला की आमच्याकडे एवढंच होतं.

वामनने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, थोरल्या बहिणीवर, गोदाबाईवर. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी येते, गावाची बोलणी खाते आणि शेवटी आठवडी बाजारात मुरमुरे-फुटाण्यांचं स्वतःचं दुकान मांडते. पुण्याच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित घेतलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग टपालाने प्रुफं येऊ लागली. आम्ही दोघं ओट्यावर बसून चुका काढायचो आणि गोदाबाई चहा ठेवत विचारायची, "माह्या दुकानापावतर आले का?" शेवटची प्रुफं मात्र आलीच नाहीत, एकदम छापील पुस्तकंच आली. शेवटच्या पानावर बाईने विहिरीत उडी घेतली होती.

आम्ही पुणं गाठलं. प्रकाशक हसतमुख होते. "अहो, चार पानं पुढच्या फर्म्यात जात होती. चार पानांसाठी सोळा पानांचा फर्मा, कागदाचा अख्खा ताव, कोण लावतो? शिवाय बाई विहिरीत गेली की वाचनालयं पुस्तक घेतात." कागद वाचवायला त्यांनी जितीजागती बाई बुडवली होती आणि वर आम्हाला चहा पाजला! वामनने तो निमूट पिऊन टाकला. मला अजून राग येतो, त्या माणसाचा आणि वामनच्या गप्प बसण्याचाही.

घरी गोदाबाईने अक्षर अक्षर लावत शेवट वाचला. "काहून मारलं रे मले?" एवढंच म्हणाली. त्यानंतर वामनने एक ओळ लिहिली नाही. पण पुस्तक दिसेल तिथे तो शेवटचं पान फाडायचा आणि वाचणाऱ्याला खरा शेवट तोंडी सांगायचा. फाडलेली पानं गोदाबाईला द्यायचा, ती त्यांत फुटाणे बांधायची. लोक त्याला वेडा म्हणायचे. म्हणोत बापडे.

गेल्या बाजाराच्या दिवशी गोदाबाईला दुकानावरच भेटलो. सांगू नये ते सांगितलं, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे.

"त्या पानासंगं?"

मी मान हलवून हो म्हटलं. तिने गिऱ्हाइकाचे फुटाणे मोजले, वर चिमूटभर जास्तीचे टाकले आणि पुडी बांधली.

"मंग मी जित्ती हाये, हे आता लोकाइले कोन सांगीन, मास्तर?"