तिसऱ्या फाट्यावरचा पिवळा दिवा

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आठ तास हातात मायक्रोमीटर. जे मोजता येत नाही ते खोटं, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो... भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करणारा पहिला मीच. तेव्हा हे वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मीही हसलो असतो.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही चौघे बाइकवर तीन दिवसांसाठी निघालो. नाशिक, पेठ, सुरगाणा, कळवण आणि परत — जमेल तितकं डांबर टाळून, कच्च्या रस्त्यांनी. सगळ्यांत पुढे पगारे सर. शाळेत गणित शिकवतात, पण रस्ते पाढ्यांपेक्षा जास्त पाठ. त्यांच्यामागे माझ्याच खात्यातला सचिन, मग मी, आणि शेवटी माझा मेहुणा नीलेश. नीलेश कळवणचा. वायरमन, दिवसभर खांबावर. माकडाला बाइक कशाला हवी, असं मी त्याला चिडवायचो. खाली उभं राहून बोलायला काय जातं दाजी, असं तो म्हणायचा. यायचा हट्ट त्याचाच, पण माझ्या बायकोने भावाला माझ्या भरवशावर सोडलं होतं. दुसरा मुक्काम त्याच्याच घरी, म्हणजे माझ्या सासुरवाडीला होता.

कच्च्या रस्त्यावर फुफाटा इतका उडतो की मागच्याला पुढचा दिसत नाही. म्हणून भरपूर अंतर ठेवायचं, आणि प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं, हा आमचा नियम. फाटा आला की थांबायचं. आरशात मागच्याचा दिवा दिसला की डावा हात वर करायचा. त्याने दोनदा डिपर दिला की सगळं ठीक, मग निघायचं. माणूस जवळ येईपर्यंत थांबायची पद्धत नव्हती, नाहीतर सगळेच एकमेकांची धूळ खात बसतात. नीलेशने दिव्यावर पिवळी फिल्म चिकटवली होती, त्यामुळे त्याला ओळखण्यात चुकायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरगाण्याच्या पुढे जंगलातल्या रस्त्याला लागलो. वीसेक किलोमीटर, मध्ये तीन फाटे. पहिल्या फाट्यावर थांबलो. आरशात पिवळा दिवा. हात वर केला... दोनदा डिपर. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तर मी चक्क मान वळवून पाहिलं — वळणावर पिवळा दिवा उभा होता. दोनदा लुकलुकला. मी गियर टाकला.

साडेदहाला चहाच्या टपरीवर पोचलो. सचिन हेल्मेट काढता काढता म्हणाला, "निल्या मागं पडला का? आत्ताच तर चढावरून दिसला मला, तुझ्या मागं." म्हणजे त्यानेही पाहिला होता.

चहा झाला, दुसरा झाला. नीलेश आला नाही. मोबाइलला रेंज नाही. मग आमची तंतरली.

तिसऱ्या फाट्यापर्यंत मी त्याला पाहिलेलं, म्हणजे शोधायचं तिथून पुढे. साधी गोष्ट. टपरी ते तिसरा फाटा हा रस्ता आम्ही तीनदा पालथा घातला. मग फाट्याचा दुसरा रस्ता, पार एका बंद खाणीपर्यंत. प्रत्येक घळीत वाकून मी हाका मारत होतो. घसा बसला, सासूबाईंना काय सांगायचं एवढंच डोक्यात फिरत होतं. सर म्हणाले, पार सुरुवातीपासून बघू या. मीच अडून बसलो. मी त्याला इथे डोळ्यांनी पाहिलाय सर... हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा बोललो, देव जाणे.

एक वाजून गेला तेव्हा कुठे मी ऐकलं. पहिल्या फाट्यावर दोन-तीन घरांचा पाडा आहे. अंगणात धान्य वाळवत एक बाई बसली होती. चौथी गाडी, पिवळ्या दिव्याची, कुठल्या बाजूला गेली म्हणून तिला विचारलं.

"सकाळधरनं मी हितंच हाय. तीनच गाड्या गेल्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू थांबला व्हता ना? मागं कोणी नव्हतं, तरी तू हात केला. मला वाटलं, मलाच करतो का काय."

फाट्याच्या अलीकडे, जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, नीलेश कोरड्या ओहळात पडला होता. गाडी पायावर. शुद्धीत होता. पेट्रोल गळतंय म्हणून त्याने पडल्या पडल्या चावी बंद केली होती. म्हणजे दिवाही तेव्हाच बंद.

"तुम्ही फाट्यावर थांबल्याचा आवाज आला, दाजी," तो म्हणाला. "म्हटलं, आता वळतील. मग गाडी गेली."

मी तिथेच मटकन खाली बसलो आणि रडलो. सरांनी आणि सचिनने गाडी उचलली.

पिकअपमध्ये घालून कळवण, तिथून नाशिक. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दोन तास आधी आणला असता तर प्रयत्न करता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. दोन तास आम्ही तिसऱ्या फाट्याच्या पुढेच घालवले होते.

बायकोने मला एकदाच विचारलं, आरशात बघितलं होतंत का. मी दिव्याचं सांगितलं. ती उठून आत गेली. सचिनला विचारलं तर तो आता नीट आठवत नाही म्हणतो, ऊन होतं म्हणतो. मी गेल्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळेला, एकटा तिथे जाऊन आलो. तिन्ही फाट्यांवर थांबून हात वर केला. आरशात नुसता रस्ता. ऊन कुठेतरी चमकलं असेल, हे मीही मानायला तयार आहे... पण दोनदा? तीन ठिकाणी? हात वर केल्यावरच?

नीलेश आता खांबावर चढत नाही. ऑफिसात बसून तक्रारी लिहून घेतो. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "तुम्ही दिवा बघितला म्हणता ना, तर असेल. मी ताईला तसंच सांगितलंय." मग खाली बघत म्हणाला, "पण पाच मिनिटं नुसतं थांबला असतात ना, दाजी..."

तो दिवा कोणाचा होता, मला आजही माहीत नाही. आणि उद्या कळलं, तरी ते घेऊन त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?