मास्तरांच्या टाकीत मी सोडलेले मासे

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच यांची मद्रासच्या रेल्वे कचेरीत बदली झाली. साठ सालाच्या पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही तिथे काढली. तिरुवल्लिकेणी भागात एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. घरमालक निवृत्त शाळामास्तर होते, तंजावरकडचे मराठी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत ते राहायचे, मागच्या दोन आम्हाला.

मला तमिळचं अक्षर येत नव्हतं, त्यामुळे घरात मराठी बोलणारं माणूस भेटलं याचा केवढा आधार वाटला होता! पण पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "या, बसावें. जेवण जाहलें कां?" आणि मी हसू दाबत, पदर तोंडाशी धरून आत पळाले. त्यांची मराठी बखरीतली, आणि चाल सगळी तमिळ. वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा. मास्तरांना मात्र माझ्या मराठीचं भारी कौतुक. शेजारपाजारी सांगायचे, "आमच्या घरीं पुण्याकडची मुलगी आहे. शुद्ध बोलते." मी ऐकायची आणि फुगायची.

त्यांच्या खोलीत खिडकीखाली लोखंडी चौकटीची काचेची टाकी होती. तिच्यात दोनच मासे. रुपयाएवढे गोल, हळदीसारखे पिवळे, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कुशीवर एक काळा डाग. तिकडे त्यांना सेल्लकासु म्हणतात. कासु म्हणजे नाणं. अड्यारच्या खाडीत जाळं टाकणारा एक म्हातारा कोळी मास्तरांच्या ओळखीचा होता, त्यानं ते आणून दिलेले. पुस्तकात या जातीला सिक्लिड म्हणतात, हेही मास्तरांनीच सांगितलं.

"जोडी कशी ओळखली तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मासा आपण निवडूं नये, पोरी. मासाच मासा निवडतो. सहा पिल्लें आणलीं होतीं. आठ महिने बघत बसलों. दोघें एका कोपऱ्यांत राहूं लागलीं, बाकीच्यांस हाकलूं लागलीं. मग बाकीचीं खाडींत परत सोडलीं."

आठ महिने! मला हसू आलं. पण ते बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटे. पाण्यात चिमूटभर जाडं मीठ टाकायचं, कारण मासा खाडीचा. नळाचं पाणी दोन दिवस घागरीत ठेवल्याशिवाय घालायचं नाही. डबक्यातल्या डासांच्या अळ्या फडक्यातून गाळून द्यायच्या. आणि त्या टाकीत तिसरा मासा सोडायचा नाही, कधीच नाही.

मग मलाही टाकी हवीशी वाटली. यांनी मूर मार्केटमधून एक जुनी आणली. मासे निवडायला मी स्वतः गेले. दुकानात एंजल जातीचे मासे पाहिले आणि दुसरीकडे बघितलंच नाही. तळहाताएवढे, रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे, पंख झालरीसारखे लांब. सगळ्यांत मोठे दोन मी बोटानं दाखवले. घरी आणल्यावर मास्तरांनी ते पाहिले. म्हणाले, "हेही सिक्लिडच. सुंदर आहेत. पण तोंड मोठें आहे, लहान मासा दिसला कीं गिळतील." मला वाटलं, माझे मासे त्यांच्यापेक्षा देखणे म्हणून ते असं म्हणताहेत.

त्या पौषात मास्तरांच्या जोडीनं टाकीतल्या पालथ्या कौलावर अंडी घातली. तीन दिवस दोघं आळीपाळीनं पंखांनी वारा घालत होते. मग पिल्लं पोहायला लागली, डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढी, शंभरएक असतील. ती आईबापांच्या अंगाला तोंडं लावून काहीतरी टिपायची. मास्तर म्हणाले, "अंगावरचा चिकटा खातात. आईचें दूध जसें." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नेमकं तेव्हाच त्यांना पोंगलसाठी तंजावरला भावाकडे जायचं होतं. जाऊ की नको असं दोन दिवस चाललं होतं. मीच म्हणाले, "जा तुम्ही. मी आहे ना." खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून ते गेले.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी त्याच आठवड्यात ठरवलं होतं. यांच्या कचेरीतल्या मराठी माणसांच्या बायका येणार होत्या, मद्रासमधला माझा पहिला समारंभ. आणि आदल्या दिवशी माझी टाकी गळायला लागली. कोपऱ्यातली पुट्टी सुटली होती. एंजल मी बादलीत ठेवले. चांगले राहिले असते तिथे. पण बादलीतले मासे पाहुण्यांना काय दाखवणार? वरून दोन काळ्या रेघा दिसायच्या नुसत्या.

हळदीकुंकवाच्या दुपारी मी मास्तरांची खोली उघडली, झाडली, सतरंजी घातली, आणि एंजल त्यांच्या टाकीत सोडले. फक्त संध्याकाळपर्यंत, असं स्वतःला सांगितलं.

बायका आल्या, टाकीपुढे थबकल्या. "अगं बाई, हे तुझे?" मी हो म्हटलं. टाकी माझी, मासे माझे, सगळंच माझं. कुणीतरी घरमालकांबद्दल विचारलं, तर मी मास्तरांची नक्कल केली. "बसावें. जेवण जाहलें कां?" हात जोडून, मान हलवून. त्यांच्याच खोलीत. सगळ्या पोट धरधरून हसल्या, म्हणून मी ती आणखी दोनदा करून दाखवली. माझ्या पाठीमागे पाण्यात काय चाललं होतं, ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी एंजल काढायला हवे होते. पण आणखी दोघी दुसऱ्या दिवशी येणार होत्या. सकाळी डोकावले तेव्हा पिल्लं विरळ दिसली. कौलाखाली असतील, म्हटलं. दुपारी त्या दोघी येऊन गेल्यावर पुन्हा पाहिलं, तर एकही पिल्लू नव्हतं. एंजलच्या झालरी फाटल्या होत्या. कौलाच्या मागे सेल्लकासूंचा नर आडवा पडला होता, अंगावरचे खवले ठिकठिकाणी निघालेले.

हे कचेरीतून आले तेव्हा मी एंजल पुन्हा बादलीत टाकून हातपाय धुऊन बसले होते. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरांना खरं सांग."

"सांगेन," मी म्हटलं.

मास्तर आले ते थेट टाकीपाशी गेले. पिशवीही खाली ठेवली नव्हती. मी दारात उभी होते. त्यांनी विचारलं, "काय जाहलें?"

"आईबापांनीच पिल्लं खाल्ली," मी म्हटलं. "मग नर मेला. मला काही कळलंच नाही."

त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हे दोघें असें करणार नाहींत. पाण्यांत दोष असावा. निघण्याच्या गडबडींत मीं एक घागर नळाची ताजी ओतली होती. मला आठवतें. माझीच चूक, पोरी. तूं वाईट वाटून घेऊं नको."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन कोपऱ्यात ठेवली.

एकट्या मादीला त्यांनी कोळ्याकरवी खाडीत परत सोडलं. टाकी रिकामी केली, धुतली, आणि आमच्या दारात आणून ठेवली. "तुझी गळते ना? ही घे. माझ्याच्यानें आतां होणार नाहीं." मी ती घेतली. मी नको म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं त्यांनी. माझे एंजल तिच्यात चांगले वाढले.

पुढे चार-पाच महिने मास्तर भेटेल त्याला ती गोष्ट सांगत. शेजाऱ्यांना, जुन्या विद्यार्थ्यांना. "नळाचें ताजें पाणी कधीं घालूं नये. माझ्या हातून शंभर जीव गेले. हिला विचारा, ही होती." आणि मी मान हलवायची. यांनी एकदोनदा माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर मास्तर बोलायला लागले की हे उठून बाहेर जायचे.

पावसाळ्याआधी एका सकाळी तो म्हातारा कोळी मडकं घेऊन आला. त्यात सेल्लकासूंची सहा पिल्लं होती. मास्तरांनी मडक्यात पाहिलं आणि हात मागे घेतला. मला हाक मारून म्हणाले, "हीं तूं घे. माझ्या हाताला यश नाहीं."

मडकं माझ्याकडे सरकवलं होतं. मला ते उचलता येईना. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या पाण्यात काही नव्हतं. मी माझे मासे सोडले होते तुमच्या टाकीत. हळदीकुंकवाला बायकांना दाखवायला. त्यांनीच खाल्ली पिल्लं."

कोळ्याला भाषा कळत नव्हती. तो आमच्या दोघांकडे बघत होता.

"किती वेळ होते?" मास्तरांनी विचारलं.

"अख्खा एक दिवस."

ते ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "नर मेला तेव्हां मादी कोठें होती?"

मी आठवून पाहिलं. मला तिळगुळाची ताटली आठवली, एका पाहुणीच्या साडीचा रंग आठवला. "मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तूं बघितलेंच नाहीस."

"नाही."

त्यांनी मडकं उचललं आणि आत नेलं. दुपारी त्यांनी न्हाणीघराजवळचं सिमेंटचं टाकं घासून पिल्लं त्यात सोडली. काचेची टाकी त्यांनी मागितली नाही. संध्याकाळी ती यांनी आणि मी उचलून त्यांच्या खिडकीखाली ठेवली. आमचे एंजल यांनी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत देऊन टाकले.

त्या दिवसापासून मास्तर माझ्याशी तमिळमध्ये बोलायला लागले. तेही आदरार्थी, परक्या माणसाशी बोलतात तसं. यांच्याशी मात्र मराठीच. मी मराठीत बोलले तरी उत्तर तमिळमध्ये यायचं. नाइलाजानं मी तमिळ शिकले, बरी शिकले. त्या पिल्लांतली जोडी जमली का, अंडी घातली का, हे मी कधी विचारलं नाही. दाराशी उभं राहून बघायचंही धाडस झालं नाही.

पुढच्या वर्षी यांची बदली हुबळीला झाली. निघायच्या सकाळी मास्तर देवळात गेले होते. आम्ही थोडा वेळ थांबलो, पण गाडीची वेळ होत आली, तेव्हा किल्ली शेजारच्या घरी दिली. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "भेट झाली नाही शेवटी." मीही "हो ना" म्हटलं. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मासे मेले त्याची लाज वाटतेच. पण रिक्षा कोपऱ्यावरून वळली तेव्हा मागे वळून न बघता मी जो मोकळा श्वास घेतला, त्याची लाज त्याहून जास्त वाटते. ते मी यांनाही कधी सांगितलं नाही.