धुरपताबाईचे एकतीस खण

शाईची दौत लवंडली ती प्रभाकरराव मास्तरांच्याच कोपराने. कोतवालाने विश्वासाने दिलेल्या जन्ममृत्यूच्या वहीवर निळं तळं साचलं आणि नाचणगावजवळच्या त्या खेड्यात सत्तावन्न साली जन्मलेली सगळी बाळं त्यात बुडाली.

वही हवी होती शाळेसाठी. तालुक्याहून पत्र होतं : दहा वर्षांनी चार वर्गांत मिळून किती मुलं असतील ते कळवा. शंभरावर असतील तर दुसरी खोली. मुदत उद्याची.

मास्तरांनी छत्री उचलली आणि सुईण धुरपताबाईचं घर गाठलं. निम्मं गाव हिच्याच हातून जगात आलेलं. पाटील मिशीला पीळ देत ओरडायला लागले, की ही शांतपणे म्हणे, "हळू बोल, बापू. तुले पयल्यांदा रडवलं ते म्याच!" नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आल्यापासून बाळंतिणींच्या उशाखालचे लिंबू-बिबे तिनं उकिरड्यावर फेकले होते, नाळ कापायचं पातं उकळणं मात्र पूर्वीसारखंच चालू.

दर बाळंतपणाला तिला चोळीचा एक खण मिळे, आणि वर्षाचे सगळे खण संक्रांतीपर्यंत ती शिवायला काढत नसे. गाठोडं सुटलं. मास्तरांनी मोजले. एकतीस!

"समजा, दरसाल एकतीस. समजा, सगळी जगली. समजा, गाव सोडून कोणी गेलं नाही. एकतीस चोक एकशे चोवीस! खोली मिळाली, धुरपताबाई!"

बाई एक हिरवा खण उचलून बघत होती.

"मास्तर, तुमी कोठी जलमले?"

"मी? आजोळी. उमरेडला."

"अन् शाळा?"

"नागपुरात. का?"

"मंग हे लेकरं काऊन इथं शिकतीन? हा खण देनारी पोरगी बाळंतपणाले माहेरी आलती, सवा महिन्यानं आष्टीले गेली. हा बी आष्टीचा. हा आर्वीचा. हा देवळीचा..."

खण एकेक करून पलीकडे पडत गेले. अठरा. उरले तेरा, तेरा चोक बावन्न. खोली गेली.

"पण बाळंतपणाला माहेरी गेलेल्या आपल्या सुनांची मुलं? ती तर इथंच येतील ना?"

"येतीन. पन त्यायचे खण त्यायच्या माहेरच्या सुइनीपाशी. जा इचारत, हिंडा सारा जिल्हा!"

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं, मग दाराबाहेर. समोर शाळा दिसत होती. खोलीत तीस पोरं कोंबलेली आणि मावली नाहीत ती तीस ओट्यावर, उन्हासोबत सरकत भिंतीला चिकटलेली. मास्तरांचा आवाज पडला.

"धुरपताबाई, एकशे चोवीसच लिहून टाकू का? दहा वर्षांनी कोण मोजायला येतंय!"

"खोटं कायले लिवता? ओट्यावर बसून राह्यले ते तीस लिवा, ते तं कोनाच्या पोटात नाईत!"